फिल्मी डायलॉग पाठ करून कुणी जगायला शिकतं का?

मध्यंतर (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यापासून एक पोस्ट फिरते आहे, 'आयुष्य घडवणारे पंधरा डायलॉग'. वर टीप अशी की पुस्तकं नकोत, समुपदेशक नकोत, या ओळी पाठ करा, रोज सकाळी एक मोठ्याने म्हणा, महिन्याभरात फरक जाणवेल. नातेवाइकांकडून आली, शाळेच्या गटातून आली, तोवर मी गप्प होते. काल आमच्या साहेबांनी ती ऑफिसच्या गटात टाकली आणि खाली सगळ्यांनी हात जोडले. म्हणून हा धागा.

यादीतली पहिलीच ओळ 'शोले'तली (१९७५). 'जो डर गया, समझो मर गया.' शेजारी धडा लिहिलाय, 'भीतीवर विजय मिळवा.' आता तो प्रसंग आठवा. कालिया आणि दोघे रिकाम्या हातांनी परत आलेत. गब्बर तीन गोळ्या हवेत उडवतो, पिस्तुलाचं चक्र फिरवतो, एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. तिघंही वाचतात. गब्बर हसायला लागतो. मग ते तिघं हसतात, मग सगळी टोळी हसते. आणि हसता हसता तो तिघांना गोळ्या घालतो. ही ओळ त्यानंतर येते. काम फसलेल्यांना मारून उरलेल्यांना दिलेला तो दम आहे. आमच्याकडे नुकतंच काही जणांना घरी बसवलंय. त्याच गटात ही ओळ 'प्रेरणा' म्हणून वाचताना मला मळमळलं.

दुसरी 'दीवार'मधली, तीही १९७५ची. 'मैं आज भी फेंके हुए पैसे नहीं उठाता.' धडा, स्वाभिमान. पैसे फेकणारा दावर स्मगलर आहे. विजय ते उचलत नाही, दावरने हातात दिल्यावर घेतो आणि त्याच्या कामाला लागतो. शेवटी सख्ख्या भावाच्या गोळीने मरतो. स्वाभिमान होता, मान्य. पण तो त्याला कुठे घेऊन गेला ते धड्यात का नाही?

सहावी 'ग्रीड इज गुड'. 'वॉल स्ट्रीट'मध्ये (१९८७) गॉर्डन गेको भागधारकांच्या सभेत हे भाषण ठोकतो. आतली माहिती काढून शेअर्सचे व्यवहार करणारा माणूस आहे तो. त्याच्या आदल्या वर्षी आयव्हन बोस्की या खऱ्याखुऱ्या शेअर व्यापाऱ्याने बर्कलीच्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की लोभ असणं ही निरोगी गोष्ट आहे. त्याच वर्षी तो सापडला, १० कोटी डॉलर भरले आणि पुढे तुरुंगात गेला. पोस्टमध्ये या ओळीपुढे धडा आहे, 'मोठी स्वप्नं पाहा.'

संवाद म्हणजे सुभाषित नव्हे. तो कुणीतरी कुणाला तरी, काहीतरी पदरात पाडून घ्यायला म्हणत असतो. कुणी, कुणाला, आणि पुढे काय झालं हे काढून टाकलं की हातात राहतो तो नुसता आवाज. तो आवाज साहेबांना फार आवडतो, कारण त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

शेवटची रांग

मध्यंतर, तुमचा अभ्यास दांडगा आहे, पण रोख चुकलाय. 'अति तिथे माती' पहिल्यांदा कोण कुणाला म्हणालं? तो माणूस सज्जन होता की चोर? कुणी विचारलंय कधी? म्हण अशीच तयार होते. बोलणारा मरतो, प्रसंग विसरला जातो, ओळ लोकांची होते. आपल्या पिढ्यांना सुभाषितं पाठ नाहीत, संवाद पाठ आहेत. त्याच आमच्या म्हणी. त्यांना प्रसंगाच्या खुंटीला बांधून ठेवणं ही मास्तरकी झाली.

आणि उलटं उदाहरण देतो. 'फेल्युअर इज नॉट ॲन ऑप्शन' सगळ्यांना पाठ आहे. 'अपोलो १३' (१९९५) मध्ये एड हॅरिस नासाच्या नियंत्रण कक्षाचा प्रमुख जीन क्रांझ याच्या भूमिकेत म्हणतो. खऱ्या क्रांझने १९७० मध्ये त्या मोहिमेत असं काही म्हटलं नव्हतं. पटकथाकार माहिती गोळा करत होते. नियंत्रण कक्षातल्या जेरी बॉस्टिक यांच्या बोलण्यातून त्यांना कल्पना सुचली आणि ओळ त्यांनी घडवली. पुढे क्रांझने २००० साली आत्मचरित्र लिहिलं तेव्हा नाव काय दिलं? हेच. ज्याने ते दिवस प्रत्यक्ष काढले, त्याला रचलेली ओळ आपली वाटली. तुमच्या हिशोबाने त्यानेही ती नाकारायला हवी होती.

कडूगोड

रांग, सहमत. आमच्या घरी वडील कुठल्याही संकटात एकच म्हणायचे, 'पिक्चर अभी बाकी है'. त्यांना 'ओम शांती ओम'मधलं पुनर्जन्माचं कथानक धड सांगता आलं नसतं. पण त्यांनी दुकान दोनदा उभं केलं. हे खोटं आहे का?

मध्यंतर

खोटं नाही. पण दुकान त्यांनी उभं केलं, ओळीने नव्हे. उद्या त्यांची ओळ फ्रेममध्ये लावून कुणी तुम्हाला दिली, तर त्याने दुकान चालेल का?

आणि रांग, क्रांझचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो माणूस रात्रंदिवस नियंत्रण कक्षात उभा होता. ओळ नंतर आली, काम आधी झालं होतं. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. ओळ आधी भिंतीवर येते, मग तिच्या जोरावर माणसांच्या रजा नाकारल्या जातात. माझ्या सहकाऱ्याने आईच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली, तेव्हा मीटिंगमध्ये साहेबांनी हीच ओळ ऐकवली होती. अपयश हा पर्याय नाही म्हणे. आई हाही पर्याय नव्हता त्याच्यासाठी.

खडूफळा

मी शिकवतो. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते मी वर्गात बघतो.

दरवर्षी निरोप समारंभाला कुणी ना कुणी 'कार्पे डिएम' घेऊन येतं. आजचा दिवस पकडा. 'डेड पोएट्स सोसायटी' (१९८९), कीटिंग सरांच्या भूमिकेत रॉबिन विल्यम्स, बाकावर उभी राहिलेली मुलं. मला तो सिनेमा फार जवळचा आहे. पण त्याच सिनेमात पुढे एक विद्यार्थी मुख्याध्यापकांसमोर सगळ्या शाळेदेखत मस्करी करून मार खातो. त्याला वाटतं कीटिंग सर पाठ थोपटतील. कीटिंग त्याला झापतो. धाडसाची एक वेळ असते, सावधपणाची एक वेळ असते, शहाण्याला त्यातली कुठली हे कळतं, अशा अर्थाचं बोलतो. हे वाक्य मी आजवर एकाही कपावर, भिंतीवर, वहीच्या मुखपृष्ठावर पाहिलेलं नाही. आणि ज्या नील नावाच्या विद्यार्थ्याने दिवस सगळ्यात घट्ट पकडला, तो शेवटी बापाच्या पिस्तुलाने स्वतःला संपवतो. शाळा सगळा दोष कीटिंगवर ढकलते. म्हणजे हे वाक्य कुणाच्या हातात दिल्यावर काय होतं, हाच सिनेमाचा विषय आहे. आपण वाक्य घेतो आणि विषय टाकून देतो.

दुसरं, 'थ्री इडियट्स'चं 'ऑल इज वेल'. मुलं परीक्षेआधी छातीवर हात ठेवून म्हणतात, मला आवडतं ते. पण रँचो तो किस्सा काय सांगतो? गावात रात्री चौकीदार हाळी देत फिरायचा, लोक निश्चिंत झोपायचे. एके दिवशी चोरी झाली तेव्हा कळलं की त्याला रात्रीचं दिसतच नव्हतं. रँचो त्यातून काढतो ते इतकंच की मन भित्रं असतं, त्याला फसवून ठेवावं लागतं. संकट टळत नाही, सोसायची हिंमत येते, असंही तो पुढे म्हणतो. मी वर्गात हा अख्खा किस्सा सांगतो. मग मुलं विचारतात, 'सर, चोरी झालीच ना?' चर्चा खरी तिथून सुरू होते.

पडद्यामागे

सगळं वाचलं. एकाही प्रतिसादात एकाही लेखकाचं नाव नाही. गब्बर म्हणतो, विजय म्हणतो, कीटिंग म्हणतो, रॉबिन विल्यम्स म्हणतो. अरे, लिहिलं कुणी?

'शोले' आणि 'दीवार' सलीम-जावेद. 'डेड पोएट्स' टॉम शुलमन, त्याला त्यासाठी ऑस्कर मिळालं. आणि ती मूळ पोस्ट मी उघडून पाहिली. प्रत्येक ओळीखाली नटाचं नाव आहे. '– अमिताभ बच्चन'. '– शाहरुख खान'. जणू ही माणसं सकाळी उठून हे बोलली.

'जंजीर'च्या वेळी (१९७३) पोस्टरवर लेखकांची नावं टाकायची पद्धतच नव्हती. सलीम-जावेदनी माणूस लावून मुंबईभरच्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली. त्याला अर्धं शतक झालं. आजही तेच. मी मालिकांसाठी लिहितो. सकाळचं शूटिंग, रात्री उशिरा कथेत बदल कळवतात, पहाटे पानं पाठवायची. मेकअप चालू असताना नट ती पानं पहिल्यांदा बघतो. अशा एका पहाटे लिहिलेली माझी एक ओळ गाजली. मगवर आली, टी-शर्टवर आली, नटीच्या फोटोसकट. तिला एका कार्यक्रमात विचारलं, ही ओळ कशी सुचली. तिने सांगितलं की ती तिच्या आजीकडून आली. माझी आजी तेव्हा माझ्याशेजारी बसून टीव्ही बघत होती.

शेवटची रांग

तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण विषय तो नाही. शिवाय ओळ अर्धी नटाची असतेच. गब्बरसाठी आधी डॅनी डेन्झोंग्पा ठरला होता. त्याने केला असता तर हेच शब्द असेच घराघरात गेले असते का? अमजद खानचा तो खर्ज, तंबाखू चोळत बोलणं, खडकांवरून चालताना ओढत नेलेला पट्टा, हे कागदावर नसतं.

पडद्यामागे

विषय तोच आहे. तुम्ही म्हणता ओळ लोकांची होते. लोकांची व्हायच्या आधी ती कुणाची तरी असते, आणि त्या माणसाने ती एका माणसाच्या तोंडी, एका कारणासाठी घातलेली असते. मध्यंतर म्हणतात ते त्यामुळेच खरं आहे. लेखकाचं नाव पुसलं की हेतू पुसला जातो. मग कुणीही कुठलाही धडा चिकटवावा.

भिडू

नाव पुसलं वगैरे मोठं बोलणं झालं. लेखकाला मानधन मिळतं, श्रेयनामावलीत नाव येतं. 'कुणी घर देता का घर' हा नानाचा सर्वात मोठा डायलॉग आहे, आणि तो नानाचाच राहणार. लोकांना भिडलं ते नानामुळे.

पडद्यामागे

भिडू, तुम्ही मला हातात काठी दिलीत.

'नटसम्राट' हे नाटक आहे. वि. वा. शिरवाडकर, १९७०. रंगभूमीवर पहिले आप्पासाहेब बेलवलकर श्रीराम लागू. त्यांच्यानंतर कित्येकांनी ती भूमिका केली. नाना पाटेकरांचा चित्रपट आला २०१६ मध्ये. तुम्ही ज्याला नानाचा डायलॉग म्हणता तो त्याआधी पंचेचाळीस वर्षं रंगमंचावर बोलला जात होता. हे मराठीत लिहिणाऱ्या, मराठीत वाचणाऱ्या माणसाला सांगावं लागतं याचा मला संताप येतो. 'बनवाबनवी'चंही तेच. 'सत्तर रुपये वारले' म्हटलं की अशोक सराफ, हे बरोबरच, पण वसंत सबनीसांचं नाव किती जण घेतात? कादर खान यांना लोक विनोदी नट म्हणून ओळखतात. 'अमर अकबर अँथनी'चे (१९७७) संवाद त्यांचे. चोप्रांच्या 'महाभारत'चे संवाद लिहिणारे राही मासूम रझा. 'मैं समय हूँ' सगळ्यांना पाठ, रझा कुणाला पाठ नाहीत.

भिडू

माझी आजी ते लागूंच्या तोंडून ऐकून रडली, मी नानाच्या तोंडून ऐकून रडलो. आमच्या दोघांच्या रडण्यात शिरवाडकर होतेच की. पण त्यांना जिवंत कुणी ठेवलं? बोलणाऱ्यांनी. तुमचा राग तुमच्या वाहिनीवर आहे, तो आमच्यावर काढू नका.

पडद्यामागे

राग वाहिनीवर आहेच. आणि 'बोलणाऱ्यांनी जिवंत ठेवलं' हे खरं आहे, तेवढं घेतो. पण जिवंत ठेवणाऱ्याने बापाचं नाव सांगावं. मागणी एवढीच आहे.

रात्रपाळी

लेखकांचं भांडण संपलं असेल तर मला मूळ धाग्यावर बोलायचंय. मी नर्स आहे. त्या यादीत चौथी ओळ आहे, 'बाबूमोशाय, जिंदगी बड़ी होनी चाहिए, लंबी नहीं'. 'आनंद', १९७१. (संवाद गुलजार यांचे. आता कुणी ओरडू नका.)

ही ओळ मी वॉर्डात किती वेळा ऐकली असेल. म्हणतं कोण? भेटायला आलेले. संध्याकाळी येतात, खुर्ची ओढतात, रुग्णाच्या हातावर हात ठेवतात आणि बोलायला काही सापडलं नाही की ही ओळ म्हणतात. आमच्याकडे एक गृहस्थ होते. वय फार नव्हतं, निदान वाईट होतं. त्यांच्या मित्राने ही ओळ राजेश खन्नाच्या आवाजात म्हणून दाखवली. सगळे हसले, तेही हसले. भेटीची वेळ संपली, मी सलाईनचा वेग बघत होते, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, 'सिस्टर, मुलीची दहावीची परीक्षा आहे. तेवढं होईल ना?'

त्यांना लांब हवी होती. मोठी नको होती. परीक्षेपर्यंत हवी होती.

सिनेमात ही ओळ आजारी माणूस स्वतःबद्दल म्हणतो, धडधाकट डॉक्टरला. तो त्याचा हक्क आहे. धडधाकट माणसाने ती आजाऱ्याला ऐकवायची नसते. आणि ज्या बाबूमोशायला ती ऐकवली, तो शेवटी काय करतो? आनंद गेल्यावर त्याच्यावर ओरडतो, सहा महिने बडबड करून डोकं खाल्लंस, आता बोल, 'बातें करो मुझसे'. त्याला तरी कुठे पटली होती ती ओळ? सिनेमा हृषीकेश मुखर्जींनी तिथे नेऊन ठेवलाय आणि आपण मधलीच ओळ उचलून दवाखान्यात नेतो.

मध्यंतर

रात्रपाळी, यापुढे मला काही लिहायचं सुचत नाही. मी सांगायला बसले होते ते हेच.

शेवटची रांग

रात्रपाळी, तुमच्या वॉर्डातला तो मित्र निष्ठुर नव्हता. त्याला शब्द नव्हते. माणसाला शब्द नसतात तेव्हा तो दुसऱ्याचे घेतो. ती ओळ नसती तर तो हवामानावर बोलला असता, नाहीतर आलाच नसता. मी माझ्या काकांना शेवटच्या दिवसांत भेटायला गेलोच नाही, कारण काय बोलायचं हे कळत नव्हतं. तुमचा तो मित्र माझ्यापेक्षा बरा.

रात्रपाळी

गप्प बसून हात धरणारेही येतात. ते चालतात आम्हाला. रुग्णांनाही चालतात. शब्द नसतील तर नसू देत.

पण तो आला, हे तुमचं बरोबर.

साधी रेघ

मी सहसा लिहीत नाही. पण ओळींनी काही होत नाही असं वारंवार वाचतोय म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी बाइक चालवत होतो, मागे मित्र होता. समोरून चुकीच्या बाजूने ट्रक आला. मी वाचलो, तो गेला. पोलिसांनी सांगितलं तुझी चूक नाही. त्याच्या आईने सांगितलं. माझ्या घरच्यांनी तर रोज सांगितलं. मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचो, 'माहीत आहे'.

मग 'गुड विल हंटिंग' पाहिला. (१९९७. लेखक मॅट डेमन आणि बेन ॲफ्लेक, पडद्यामागे यांच्यासाठी.) त्यात सायकॉलॉजिस्ट त्या मुलाला म्हणतो, ही तुझी चूक नाही. मुलगा म्हणतो, 'आय नो'. अगदी माझ्यासारखं, खांदे उडवून. तो पुन्हा म्हणतो. मुलगा पुन्हा, 'आय नो'. तो जवळ येतो, पुन्हा म्हणतो. मुलगा चिडतो, त्याला ढकलतो, तू तरी माझ्याशी असा खेळू नकोस म्हणतो. तो तरीही म्हणतच राहतो. आणि मग मुलगा कोसळतो. मी लॅपटॉप बंद केला आणि रात्रभर रडलो. त्यानंतरच मी कुणाशी तरी बोलायला गेलो. आजही हातात हँडल घेतलं की ती ओळ मनात म्हणतो. म्हणजे मी तो सकाळी ओळ म्हणणारा, ज्याची तुम्ही चेष्टा करताय.

शेवटची रांग

धन्यवाद. बघा मध्यंतर, ओळीने माणूस वाचतो. यावर काय म्हणणं आहे?

मध्यंतर

माझं म्हणणं तेच आहे आणि साधी रेघ यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय. 'तुझी चूक नाही' ही ओळ त्यांना पोलिसांनी, आईने, घरच्यांनी सगळ्यांनी ऐकवली होती. ओळीत जोर असता तर तेव्हाच काम झालं असतं. काम केलं ते प्रसंगाने. 'माहीत आहे' म्हणून दार लावून घेणारा मुलगा त्यांना समोर दिसला. यादीत ती ओळ एकटी छापली असती तर त्यांनी तिलाही 'माहीत आहे' म्हटलं असतं. शिवाय पोस्टवाला म्हणतो समुपदेशक नको, आणि हा सगळा प्रसंगच समुपदेशकाच्या खोलीत घडतो.

साधी रेघ

माझी गोष्ट दोघांनी आपापल्या बाजूला ओढू नका. मी पुरावा म्हणून आलो नाही.

मध्यंतर, तुम्ही म्हणता ते खरं असेल. प्रसंगाशिवाय ती ओळ मला लागली नसती. पण आज मला प्रसंग आठवत बसावा लागत नाही. सिग्नलला थांबलेलो असताना अख्खा सीन कुठून आणू? ओळच पुरते. प्रसंग तिच्यात मुरलाय. आणि रांग, तुम्हीही ऐका. ज्याने प्रसंग पाहिलाच नाही त्याच्या हातात ही ओळ दिली तर तिचा उपयोग नाही. मी माझ्या मित्राच्या भावाला ती सांगून पाहिली. तो म्हणाला, 'माहीत आहे'.

मध्यंतर

साधी रेघ, तुम्हाला पुरावा करण्याचा हेतू नव्हता. तुमचं म्हणणं पोचलं.

जाईजुई

एवढी चर्चा झाली आणि अकराव्या ओळीकडे कुणाचं लक्षच नाही. 'जा सिमरन जा, जी ले अपनी जिंदगी.' धडा, 'मुलींना पंख द्या.' 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधली, १९९५ पासून ऐकतेय. अख्खा सिनेमा त्या बापाने तिचा हात धरून ठेवलाय, तिचं लग्न तिला न विचारता ठरवलंय, आईने दागिने देऊन पळून जा सांगितलं तरी नायक म्हणतो पळणार नाही, बाबूजींनीच हात द्यायला हवा. नायक रक्तबंबाळ होतो, गाडी सुटते, मग बाप हात सोडतो. आणि आपण टाळ्या वाजवतो की बापाने जगायची परवानगी दिली. आईची ओळ कुणाला आठवते? लाजोचा सीन, जिथे ती मुलीला सांगते की माझ्या आयुष्यात मी मुलगी, बहीण, बायको म्हणून सगळं सोडत गेले, तुझ्यावर ती वेळ येऊ देणार नाही असं ठरवलं होतं, पण बाईला असं वचन द्यायचाही हक्क नसतो. शिकण्यासारखं काही असेल त्या सिनेमात, तर ते तिथे आहे. त्याचा कॉफीमग निघत नाही.

कडूगोड

जाईजुई, आमच्या लग्नात वडिलांनी मला निरोप देताना हीच ओळ म्हटली होती आणि मंडपातले सगळे रडले होते. तुम्ही ते सगळं चिखलात घातलंत.

जाईजुई

तुमच्या वडिलांनी तुम्हाला विचारून लग्न ठरवलं असेल तर ती ओळ तुमची, खुशाल जपा. माझं लग्न मला न विचारता ठरलं होतं, आणि ही ओळ माझ्याही वेळी म्हटली गेली.

खडूफळा

मला वाटतं आपण सगळे 'धडा' काढण्याच्या मागे लागलोय तिथेच गडबड आहे. 'सामना' (१९७५, तेंडुलकर) मधली ओळ घ्या. दारूत बुडालेला, एके काळचा गांधीवादी मास्तर हिंदुराव धोंडे पाटलाला पुन्हा पुन्हा विचारतो, 'मारुती कांबळेचं काय झालं?' समोर सगळी सत्ता निळू फुल्यांच्या रूपात बसलेली आणि हा लागूंचा मास्तर तेवढा एकच प्रश्न सोडत नाही. या ओळीत उपदेश नाही. सकाळी उठून म्हणायची तर कुणाला म्हणणार? पण ज्याने पाहिलाय त्याला आयुष्यभर पुरते. एखादी फाइल दाबली गेली, एखादं पोर पटावरून गायब झालं की माझ्या डोक्यात तीच येते.

शेवटची रांग

बरं. मी माझं म्हणणं सोडत नाही. ओळी पाठ करण्यात गैर काही नाही, आणि साधी रेघ म्हणाले तसं, मुरलेली ओळ पुरते. पण मुरायला आधी काहीतरी पाहिलेलं असावं लागतं, हे मला आता नाकारता येत नाही. 'शोले'च्या संवादांच्या रेकॉर्ड पॉलिडॉरने काढल्या होत्या. आमच्या मामाकडे होती. त्यात अख्खे प्रसंग होते, पार्श्वसंगीतासकट. मामाला गब्बरचीच नव्हे, कालियाचीही वाक्यं पाठ होती, 'सरदार, मैंने आपका नमक खाया है'. तो कधी ती ओळ धडा म्हणून सांगत नसे. त्याला माहीत होतं पुढे काय होतं. आजच्या चित्रांवर तेवढी जागाच नसते.

मग असं करू. पोस्ट खोडून काढण्यापेक्षा दुरुस्त करू. तीच पंधरा वाक्यं, पण प्रत्येकाखाली बोलणारा कोण, ऐकणारा कोण, पुढे काय झालं. धडा ज्याचा त्याने काढावा.

पडद्यामागे

आणि लेखक.

शेवटची रांग

आणि लेखक. सुरुवात करतो.

'जो डर गया, समझो मर गया.' बोलणारा गब्बर. ऐकणारे त्याचेच लोक. नुकतीच तिघांना गोळी घातली आहे. लेखक सलीम-जावेद.

'मेरे पास माँ है.' बोलणारा रवी, इन्स्पेक्टर. ऐकणारा विजय, ज्याची कबुलीजबाबावर सही रवीला हवी होती. पुढे विजयला पकडायला जाताना हीच आई रवीच्या हातात पिस्तूल देते. लेखक तेच.

मध्यंतर

ही दुसरी नोंद मदर्स डेच्या कार्डावर छापली तर मी विकत घेईन. यादी चालू ठेवा, मला मान्य आहे. 'डॉन'ची मी लिहिते.

'डॉन को पकड़ना मुश्किल ही नहीं, नामुमकिन है.' बोलणारा डॉन. १९७८ च्या मूळ सिनेमात हा डॉन पहिल्या भागातच पोलिसांच्या पाठलागात जखमी होऊन मरतो. उरलेला सिनेमा त्याच्या जागी बसवलेल्या साध्याभोळ्या विजयचा आहे. लेखक सलीम-जावेद.

पहिली नोंद मी आत्ताच ऑफिसच्या गटात टाकली, साहेबांच्या पोस्टला उत्तर म्हणून. तीन गोळ्यांसकट.

रात्रपाळी

'आनंद'ची मी लिहीन. ड्युटी संपली की.